शिवणीतली माया

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर साधारण 68 किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये ते उभ्याने काढायचे म्हणजे तासाहून अधिक वेळ एक हात वरच्या कडीला. अशा डब्यात हात वर गेला की अनेकांचा शर्ट पँटमधून ओढला जाऊन अर्धा बाहेर येतो. आपण दोष पोटाला देतो, नाहीतर पट्ट्याला. खरा दोष बहुतेक वेळा मुंढ्याचा असतो, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईचा. तयार शर्ट एकाच मापात नाना तऱ्हेच्या अंगांवर चढायला हवा, म्हणून त्याचा मुंढा खोल आणि सैल कापतात. काखेखाली जास्तीचे कापड लोंबत राहते आणि हात उचलला की बाहीच्या मागोमाग शर्टाची सगळी बाजूच वर येते. मुंढा काखेच्या जवळ, वरच्या अंगाला कापला तर बाही हलते आणि शर्ट जागेवर राहतो. मात्र असा मुंढा ज्याच्या त्याच्या अंगावर टेप धरूनच कापता येतो. रोज लोकलने जाणाऱ्या माणसाने निदान कामावरचे शर्ट तरी गल्लीतल्या टेलरकडून शिवून घ्यावेत, असे माझे म्हणणे आहे, आणि त्याला जुन्या दिवसांच्या आठवणींचा आधार लागत नाही.

हाताने शिवलेला म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. टाके मशीनचेच असतात. हाताचे काम असते माप घेण्यात, खडूच्या आखणीत, कातरीत, चौकड्याच्या रेघा खिशावर जुळवण्यात. कारखान्यात एक जण दिवसभर नुसते कफ शिवतो, दुसरा नुसत्या कॉलर. छोट्या दुकानात मापापासून शेवटच्या बटणापर्यंत जबाबदारी एकाची असते आणि बिघडले तर जाब कुणाला विचारायचा हे ठाऊक असते. शिवणीच्या आत तो अर्धा-पाऊण इंच जादा कापड राखतो, त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात. मायेपुढे शिवण सरकवली की दोन वर्षांनी अंगाने भरलेल्या माणसाला तोच शर्ट पुन्हा होतो. तयार शर्टात ही माया बहुधा ओव्हरलॉकखाली कापून टाकलेली असते. कॉलरचेही तेच. स्वस्त शर्टात बकरम इस्त्रीच्या उष्णतेने चिकटवलेले असते. ते हलके असले तर काही धुण्यांतच सुटते आणि कॉलरवर फुगे येतात. चांगला टेलर बकरम जपून निवडतो, आणि घडीवर विरलेली कॉलर उसवून उलटी बसवायची जुनी रीत अजून कुणाला येत असेल तर शर्टाचे आयुष्य आणखी लांबते.

कापडासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली, 1949 मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले आणि रिकाम्या हातांनी आलेल्या या लोकांनी तिथे व्यापार उभा केला. गजानन मार्केट आणि जपानी बाजार ही नावे कापडासाठी आजही दूरवर माहीत आहेत. उल्हासनगरचा माल नकली, असा एक शेरा मात्र या शहराला चिकटला आहे. तयार कपड्यावरचे लेबल खरे की खोटे हे ओळखणे अवघड, हे मान्य. ताक्यावरच्या कापडाची परीक्षा मात्र स्वतः घेता येते. कडेचा एक धागा ओढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. दोन्हींच्या मिश्रणात दोन्ही खुणा सापडतात. पूर्ण बाहीच्या शर्टाला 58 इंची पन्ह्याचे कापड साधारण 1.6 मीटर लागते, 36 इंची असेल तर सव्वादोन ते अडीच. सुती असेल तर थोडे जास्तच घ्या आणि शिवायला टाकण्याआधी पाण्यातून काढा, कारण ते आटते.

सगळ्यात मोठा आक्षेप किमतीचा. सेलमध्ये तयार शर्ट मिळतो तेवढ्यात नुसती शिलाईही होत नाही, असे लोक म्हणतात, आणि अनेकदा ते खरेही असते. पण हिशेब एका वापराचा करावा. समजा, 600 रुपयांचा शर्ट 40 वेळा घालून कॉलरने मान टाकली, तर एका वेळेला 15 रुपये पडले. 1400 रुपयांचा शिवलेला शर्ट 140 वेळा टिकला तर 10. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, प्रत्येकाने आपल्या कपाटातले घालून पाहावेत. ज्याच्याकडे आज 600 च आहेत त्याला हा हिशेब ऐकवणे बरोबर नाही, हेही मला कळते. पण जे वर्षाला सहा-सात शर्ट घेतात, त्यांना तीन शिवून घेणे परवडते. शिवाय स्वस्ताईची किंमत दुकानाबाहेरही मोजावी लागते. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीचे पुढे उल्हासनगरात जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने काय झाले, हे या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. पुढे न्यायालयाच्या दट्ट्याने कारखाने बंद पडले तेव्हा रोजगार गेला तो कारागिरांचाच.

दुसरा आक्षेप वायद्याचा. शिंप्याच्या तारखांची थट्टा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती उगाच नाही. पण दिवाळीच्या आठ दिवस आधी कापड टाकायचे, शिलाईत घासाघीस करायची आणि वर वेळेची अपेक्षा धरायची, हा आपलाही दोष आहे. एकट्या हाताने दिवसाला मोजकेच शर्ट होतात. घाईत काजे ओबडधोबड होतात, इंचाला 16-18 टाक्यांऐवजी 10-12 पडतात आणि शिवण लवकर उसवते.

म्हणून सणासुदीच्या गर्दीत न जाता मधल्या मोकळ्या महिन्यांत जा. आपल्याला सर्वांत चांगला बसणारा जुना शर्ट सोबत न्या. माप देताना ताठ उभे राहू नका, नेहमीसारखे राहा. रोज बॅग अडकवून एक खांदा उतरला असेल तर तो टेलरला दिसू द्या, आणि एकदा कडी धरल्यासारखा हात वर करून दाखवा. शिवणीत माया ठेवायला सांगा, शिलाई तो सांगेल ती द्या. पहिल्या खेपेला एकच शर्ट टाका. तो तीनदा धुऊन, घालून, लोकलने जाऊन या. कुठे ओढतो, कुठे सैल पडतो ते टेलरला सांगा आणि मगच पुढचे दोन शिवायला टाका.