अबोल पाहुणा समजून घेताना...

लॅब्रॅडॉर झाला, पर्शियन मांजर झाली, फिश टँक तर एकाआड एक हॉलमध्ये दिसतो. आता आपल्या मित्रमंडळींच्या फ्लॅटमध्ये एक नवा मेंबर शिरू लागलाय. ना पाय, ना पापण्या, ना भुंकणं, ना म्यांव. नाव, बॉल पायथन!

दचकलात? साहजिक आहे. म्हणून आधी कायद्याचं बोलू या. नाग, धामण किंवा आपल्याकडचा अजगर घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चक्क गुन्हा आहे. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, बिनविषारी. पण तोही आंतरराष्ट्रीय ‘साइटीस’ करारात येतो. कायद्यातली २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम यांमुळे असा प्राणी घरी आणल्यावर ३० दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा कागदपत्रांबद्दल टाळाटाळ करत असेल, तर सरळ मागे फिरा.

चार आठवड्यांचा उपास

बाणेरला राहणाऱ्या माझ्या एका मित्राकडे असं रीतसर नोंदवलेलं पिल्लू आहे. जेमतेम दीड फूट. घरी आल्यापासून चार आठवडे पठ्ठ्यानं काही खाल्लंच नाही. मित्र रडकुंडीला आला. ‘अगं, मीटिंगमध्ये बसलो तरी डोक्यात तेच. मरणार तर नाही ना गं हा?’ रात्री अकराला त्याचा फोन!

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर व्हेटकडे गेले. पिल्लू तपासून झालं, वजन ठीक निघालं. मग डॉक्टरांनी टँकचा फोटो मागितला आणि तोच जास्त वेळ पाहिला. टँक हॉलमध्ये, टीव्हीला खेटून. चारही बाजूंनी काच. आत शोभेचं एक लाकूड. ‘याला लपायला जागा कुठाय?’ एवढंच त्यांनी विचारलं.

खरी गोम इथेच आहे. हा साप आफ्रिकेत उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो. घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखं घट्ट वेटोळं करतो, म्हणून तर नाव ‘बॉल’. आपल्याला ते क्यूट वाटतं, पण तो भेदरलेला असतो. त्याला बाहेरून कान दिसत नाहीत, तरी जमिनीतून येणारी कंपनं त्याला नीट जाणवतात. होम थिएटरच्या वूफरशेजारी भूक कशी लागणार?

घर त्याच्या सोयीचं

सापाला स्वतःचं तापमान राखता येत नाही. गरम वाटलं की तो गार जागी सरकतो, गार वाटलं की उबेला. त्यामुळे टँकची एक बाजू ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५ ते २७ हवी. दोन्हीकडे अंग चेपून बसता येईल अशी एकेक लपायची जागा हवी. एकच ठेवली तर बिचाऱ्याला ऊब आणि सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं!

हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय कधीच लावू नका, पोट भाजतं. हवेतली आर्द्रता साधारण ५५ ते ६५ टक्के. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा ठणठणीत कोरडी, तेव्हा नर्सरीत मिळणारं कोकोपीट खाली पसरून ओलसर ठेवलं की काम होतं. पाण्याचं जड भांडं, घट्ट बसणारं झाकण मस्ट! पूर्ण वाढलेला साप तीन ते पाच फुटांचा होतो. त्याला किमान चार बाय दोन फुटांची जागा लागते.

इशारे ओळखा

डोळे निळसर-दुधी झाले, रंग फिका पडला? कात टाकायची वेळ झालीय. हात लावू नका, जेवायला देऊ नका. काचेवर सतत नाक घासतोय? काहीतरी खुपतंय, तापमान आणि लपायच्या जागा तपासा. तासन्‌तास पाण्यात बसतोय? टँक जास्त गरम असेल किंवा अंगावर गोचिडीसारखे बारीक माइट्स असतील. मान इंग्रजी ‘एस’सारखी आखडली, तर हात मागे घ्या. तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर, तोंडात फेस दिसला, तर नेटवर शोधत बसू नका, थेट व्हेट गाठा. जेवणानंतरची जांभई मात्र निव्वळ जबडा जागेवर बसवण्यासाठी!

मित्रानं टँक बेडरूमच्या शांत कोपऱ्यात हलवला, तीन बाजूंना काळा कागद लावला, दोन खोपटी ठेवली आणि आठवडाभर हात लावला नाही. नवव्या रात्री पिल्लानं कोमट करून दिलेला उंदीर गट्टम केला. मला मेसेज आला, ‘जेवला!!!’

घरी आणण्याआधी...

* हा साप २० ते ३० वर्षं जगतो. उद्या ऑनसाइट जावं लागलं, तर कोण सांभाळणार?
* फ्रोझन उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीझर घ्या. आईच्या आइस्क्रीमशेजारी नको!
* जेवणानंतर किमान ४८ तास उचलू नका, खाल्लेलं उलटून पडतं.
* सरपटणारे प्राणी तपासणारा व्हेट आधी शोधा, साप नंतर.
* तो शेपूट हलवत दाराशी येणार नाही. हातावर शांत बसला, तरी खूप झालं. एवढ्यावर खूश राहता येत असेल, तरच पुढे जा.