साठ्याचं भाडं कुणी किती भरायचं?

खोपोलीचं वीजघर 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं. घाटमाथ्यावरच्या तळ्यांतलं पाणी नळांतून खाली सोडायचं आणि मुंबईला वीज पाठवायची, हे खालापूर-कर्जतने शंभर वर्षं पाहिलं. आता पाणी परत वर चढवण्याचं घाटतं आहे. भिवपुरीत टाटा पॉवरचा 1,000 मेगावॉटचा आणि कर्जत तालुक्यातच टोरंट पॉवरचा साईडोंगर-1 हा 3,000 मेगावॉटचा, असे दोन उदंचन प्रकल्प आखले आहेत. वीज मुबलक असताना पंपाने पाणी वर न्यायचं, टंचाईच्या वेळी टर्बाइनवर सोडायचं.

साईडोंगरच्या 1,500 मेगावॉट क्षमतेसाठी 2024 मध्ये महावितरणच्या निविदेत ठरलेला दर बोलका आहे: मेगावॉटमागे वर्षाला 84.66 लाख रुपये, करार 40 वर्षांचा, रोज आठ तास वीज परत मिळणार. पंपासाठी लागणारी वीज मात्र महावितरणने आणून द्यायची. म्हणजे हे गोदामाचं भाडं. माल ज्याचा त्याने आणायचा.

रोज आठही तास वापर झाला तर हे भाडं युनिटमागे सुमारे 2 रुपये 90 पैसे पडतं. वर-खाली करताना साधारण चार युनिटांतली तीनच हाती येतात. म्हणून तीन रुपयांची वीज भरली तर ती चार रुपयांना पडते. एकूण सात रुपयांच्या घरात. आणि वापर निम्मा झाला, तर भाडंच दुप्पट! घरच्या बिलातला ‘स्थिर आकार’ ज्यांना खुपतो, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हा साठा महावितरणऐवजी पवनचक्कीवाल्यांनीच मिळून घेतला, तर? साताऱ्याच्या पठारावरचे दोन प्रकल्प धरा आणि धुळ्याकडचा एक. प्रत्येकाला आपापल्या जोराच्या वेळी 40 मेगावॉट साठवायचे आहेत. साताऱ्याचे दोघे एकाच वाऱ्यावरचे, एकाच वेळी दार ठोठावणार. धुळेकर वेगळ्या वेळी येतो, असं मानू. वेगवेगळं घेतलं तर 120 मेगावॉट लागतात, एकत्र 80 पुरतात. भाडं सुमारे 102 कोटींवरून 68 कोटींवर येतं.

खरी भांडणं इथून पुढे. तिघांत सारखे वाटले तर प्रत्येकी साडेबावीस कोटी. पण बचत ज्याच्यामुळे झाली, त्या धुळेकराला त्याचं काहीच श्रेय नाही. अर्थशास्त्राचं नोबेल 2012 मध्ये मिळवणाऱ्या लॉइड शॅपली यांची रीत अशी की, तिघे ज्या ज्या क्रमाने येऊ शकतात ते सगळे क्रम धरायचे आणि प्रत्येकामुळे किती जागा वाढते त्याची सरासरी काढायची. त्या हिशेबाने साताऱ्याचे दोघे प्रत्येकी सव्वाअठ्ठावीस कोटी देतील, धुळेकर सव्वाअकरा. न्याय्य वाटतं. पण साताऱ्याचा एक जण धुळेकराला घेऊन बाजूला झाला, तर त्या दोघांना 40 मेगावॉट पुरतात आणि साडेएकोणचाळीस कोटींऐवजी चौतीस कोटींत भागतं. कुणीच फुटू नये असा एकच भाव उरतो: धुळेकराला फुकट. तो दोघा सातारकरांच्या पचनी पडणं कठीण.

शिवाय राज्यातला वारा मुख्यतः पावसाळ्यातला आणि हा साठा काही तासांचा. आषाढातली वीज वैशाखासाठी ठेवता येत नाही. वर्षातले आठ महिने जागा बव्हंशी रिकामी राहिली, तर युनिटचं भाडं जवळपास तिप्पट होईल. त्या दिवसांत दुपारची सौर वीज साठवणाऱ्यांना जागा पोटभाड्याने द्यावीच लागेल.

म्हणून माझ्या मते पवनचक्कीवाल्यांच्या आपसांतल्या करारावर हे सोडू नये. जागा महावितरणसारख्या एकाच्या ताब्यात राहावी आणि भाडं पवनचक्क्यांच्या मेगावॉटवर न लावता, गर्दीच्या घटकेला कुणी किती जागा अडवली त्यावर लावावं. वीज नियामक आयोगाने हा नियम प्रकल्प सुरू होण्याआधीच ठरवावा.