हशा आणि बातमी

विनोदी प्रयोगाविषयी वर्तमानपत्रांनी काय आणि कसे लिहावे, यावर बोलण्याचा अधिकार मला कोणत्याही पदवीने दिलेला नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकावर झाले. परंतु फाटकावरच्या सभेत माणसांना हसवावे लागते, आणि त्या हशाची बातमी झाली म्हणजे काय घडते, हे मी सोसले आहे.

जळगावातील एका डाळमिलच्या फाटकावर मी मालकाचा आवाज काढून म्हणालो, "हे मजूर आळशी, उभ्या उभ्या झोपतात!" मग स्वतःच्या आवाजात उत्तर दिले, "झोपतील नाही तर काय? बसायला जागा कुठे ठेवलीत?" सभा खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात आले की, मजूर आळशी असल्याचे त्यांच्या पुढाऱ्यानेच सांगितले! वाटाघाटीच्या वेळी ते कात्रण आमच्यापुढे ठेवण्यात आले. त्याहून बोचला तो एका हमाल बाईचा प्रश्न : "भाऊ, तू आसं बोलना का?"

बातमीदाराने शब्द बनवले नव्हते. ते मी उच्चारले होतेच. पण विनोदात शब्दांखेरीज आणखी तीन गोष्टी असतात : सोंग, शेवटची कलाटणी आणि समोर बसलेला श्रोता. या तिन्ही वगळून उरलेले वाक्य छापले, तर अक्षर खरे आणि अर्थ खोटा, अशी अवस्था होते.

एकट्याने रंगमंच भरण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. पु. ल. देशपांडे यांनी 1961 साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये 52 पात्रे रंगवली. तेथे पात्र कोणते आणि नट कोणता, हे प्रेक्षकाला ठाऊक असे. आजचा स्टँड-अप विनोदकार मात्र रोजच्या कपड्यांत, स्वतःच्या नावाने उभा राहतो. त्याचे मत कोठे संपते आणि सोंग कोठे सुरू होते, हे चटकन कळत नाही. म्हणूनच ते उलगडून सांगणाऱ्या परीक्षकाची येथे अधिक गरज आहे.

प्रत्यक्षात हा कलावंत पहिल्या पानावर येतो तो तंटा झाल्यावरच. आपल्या धुळ्यावरून जाणारा आग्रा रस्ता ज्या इंदूरला पोचतो, तेथे 1 जानेवारी 2021 रोजी मुनव्वर फारुकी यास अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने 5 फेब्रुवारीस अंतरिम जामीन देईपर्यंत तो तुरुंगात होता. मार्च 2025 मध्ये कुणाल कामरा याच्या एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनानंतर मुंबईत खार येथील प्रयोगस्थळाची मोडतोड झाली. दोन्ही वेळा मी वाचलेले रकाने तक्रारी, पोलीस आणि पुढाऱ्यांच्या प्रतिक्रिया यांनीच भरलेले होते. विनोद म्हणून तो कसा होता, याविषयी फारच थोडे सापडले. आणि मी कामगारांचा माणूस, म्हणून हेही सांगतो : रंगमंच बंद पडला की दिवे लावणाऱ्याचा आणि खुर्च्या मांडणाऱ्याचाही रोज बुडतो.

मग परीक्षकाने काय करावे? प्रयोग पुरता पाहावा. हसू कोणाच्या अंगावर उडाले, बलवानाच्या की दुबळ्याच्या, हे विचारावे. विनोदाने काही नवे दाखवले की जुनाच तिरस्कार रंगवून मांडला, हे सांगावे. वाक्य उद्धृत करताना त्याचे मागचे-पुढचे सोडू नये. जातीवरून, व्यंगावरून, बाईमाणसावरून स्वस्त हशा काढणाऱ्याची मुळीच गय करू नये. परीक्षण कठोर असावे. त्याने कोणाचे हाड मोडत नाही. जेथे परीक्षण नसते, तेथे त्याची जागा दगड घेतो.

वाचकांचेही एक काम आहे. उद्या जळगावात वा धुळ्यात एखादा पोरगा अहिराणीत लोकांना हसवू लागला, तर त्याचे तोडलेले एक वाक्य वाचून संतापू नका. त्या बाईने केले तेच करा. तिने कात्रणावर विश्वास ठेवण्याआधी मला येऊन विचारले होते.