व्यवहार शून्य, तरी हिशोब द्यायचाच

‘वर्षभरात एकही बिल फाडलं नाही. मग कसला हिशोब आणि कसलं ऑडिट?’ प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढलेली नवरा-बायको किंवा दोन भाऊ हा प्रश्न अगदी प्रामाणिकपणे विचारतात. नागपुरात अशा लहान कंपन्या भरपूर आहेत. कुणी हिंगणा एमआयडीसीत सुटे भाग बनवतं, कुणी मनीषनगरच्या फ्लॅटमधून सॉफ्टवेअरची कामं घेतं, कुणी संत्र्याच्या प्रक्रियेचा विचार करून नाव नोंदवून ठेवलेलं असतं. यांच्यातला सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच, की धंदा नाही तर हिशोबही नाही.

कायद्याच्या लेखी कंपनी ही मालकांपासून वेगळी व्यक्ती आहे. नोंदणी झाली की ती अस्तित्वात येते आणि कंपनी निबंधकांच्या नोंदवहीतून नाव निघेपर्यंत राहते. मधल्या काळात तिने काही केलं नसेल, तर ‘काही केलं नाही’ हेच दरवर्षी ताळेबंदात लिहून द्यावं लागतं. आणि अगदी शून्यही सहसा नसतंच. बँकेने शुल्क कापलेलं असतं, ऑडिटरची फी देणं असतं, नोंदणीचा खर्च झालेला असतो. म्हणजे छोटासा का होईना, तोटा दाखवायचा असतो.

न भरल्यास काय होतं ते आकड्यांतच पाहू. एक लाख ते पाच लाखांपर्यंत अधिकृत भांडवल असलेल्या कंपनीला हिशोबाचा फॉर्म एओसी-४ वेळेत भरायला ३०० रुपये लागतात. वार्षिक विवरणाच्या फॉर्मलाही तेवढेच. उशीर झाला तर जुलै २०१८ पासून प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये आणि त्याला कमाल मर्यादा नाही. एका वर्षाच्या उशिराचे एका फॉर्मला ३६,५०० आणि दोन्हींचे मिळून ७३,००० रुपये होतात. ज्या कंपनीने एक रुपया कमावला नाही, तिच्या संचालकांनी हे खिशातून भरायचे. ‘लहान कंपनीला दंड निम्मा लागतो’ असं जे ऐकू येतं ते खरं आहे, पण ते निबंधकांनी कारवाई करून लावलेल्या दंडाबद्दल. रोजचं विलंबशुल्क निम्मं होत नाही.

सलग तीन वर्षं हिशोब किंवा विवरण दिलं नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. त्या कंपनीत त्याची फेरनिवड होत नाही आणि दुसऱ्या कंपन्यांतली त्याची पदंही जातात. मेव्हण्याच्या उत्तम चाललेल्या कंपनीत तो संचालक असेल, तर तिथूनही बाहेर. ही नुसती कागदावरची धमकी नाही. २०१७ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने देशभरातल्या तीन लाखांहून अधिक संचालकांना एकदम अपात्र ठरवलं, दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं खोडली आणि त्यांच्या बँक खात्यांवर निर्बंध आणले. त्यानंतर २०१८ आणि २०२० मध्ये सवलतीच्या योजना आल्या. म्हणून काही जण आजही ‘पुढची योजना येईल’ म्हणत थांबतात. योजना येईपर्यंत शंभराचा मीटर चालूच असतो.

*ऑडिट कुणाला लागतं?*

इथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. प्राप्तिकराच्या ऑडिटला उलाढालीची मर्यादा आहे, साधारण एक कोटी, आणि रोखीचे व्यवहार अगदी कमी असतील तर दहा कोटी. एलएलपीला, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला, उलाढाल ४० लाखांच्या किंवा भागीदारांचं योगदान २५ लाखांच्या पुढे गेल्यावरच ऑडिट लागतं. ब्रिटनमध्ये लहान कंपन्यांना ऑडिटातून सूट आहे. हे तिन्ही कुठेकुठे वाचून आपल्याकडचा उद्योजक ‘आपलं लहान आहे, लागत नाही’ असं ठरवतो. भारतीय कंपनी कायद्यात अशी सूट नाही. उलाढाल शून्य असो वा शंभर कोटी, कंपनीच्या हिशोबाचं ऑडिट चार्टर्ड अकाउंटंटकडून करून घ्यावंच लागतं. पहिला ऑडिटर नोंदणीपासून ३० दिवसांत संचालक मंडळाने नेमायचा असतो.

या ऑडिटरबद्दल एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. ‘आमचे सीए सगळं करतात, वह्याही तेच लिहितात आणि सहीही तेच करतात’ असं लोक अभिमानाने सांगतात. पण २०१३ च्या कंपनी कायद्याचं १४४ वं कलम ऑडिटरला त्याच कंपनीच्या वह्या लिहायला मनाई करतं. कारण उघड आहे: स्वतः लिहिलेलं स्वतःच तपासून ‘बरोबर आहे’ म्हणण्याला अर्थ राहत नाही. संचालकाचा भाऊ किंवा बायको सीए असली तरी ती त्या कंपनीची ऑडिटर होऊ शकत नाही. वह्या लिहायला वेगळा माणूस हवा, अर्धवेळ का असेना. ताळेबंदावर आधी संचालक सही करतात, मग ऑडिटर. हिशोब खरा असल्याची जबाबदारी संचालकांचीच, आणि चूक निघाली तर ‘सीएने केलं’ हे उत्तर चालत नाही.

लहान कंपनीला सवलती आहेत, पण त्या वेगळ्या जागी आहेत. ‘लहान’ची व्याख्या २०२२ मध्ये चार कोटी भांडवल आणि चाळीस कोटी उलाढाल अशी होती. डिसेंबर २०२५ मध्ये ती दहा आणि शंभर कोटींवर गेली. अशा कंपनीला रोख प्रवाहाचं पत्रक लागत नाही, संचालकांचा अहवाल संक्षिप्त चालतो, मंडळाच्या वर्षाला चारऐवजी दोन सभा पुरतात आणि वार्षिक विवरण एमजीटी-७ए या सुटसुटीत फॉर्ममध्ये देता येतं. संगणकावर हिशोब ठेवत असाल तर एक नियम मात्र लहानमोठ्या सगळ्यांना आहे. एप्रिल २०२३ पासून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. वर्षाअखेरीस मागे जाऊन नोंदी ‘जुळवून घ्यायची’ जुनी सवय आता दिसून येते.

*तारखा*

‘हिशोब ३१ मार्चला बंद, भरायचा ३१ मार्चला’ असंही कुणाला वाटतं. तसं नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची, त्या सभेपासून ३० दिवसांत एओसी-४ आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण. १ जानेवारी किंवा त्यानंतर नोंदलेल्या कंपनीचं पहिलं वर्ष पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला संपतं आणि पहिल्या सभेला वर्षअखेरीपासून नऊ महिने मिळतात. एकल व्यक्ती कंपनीला सभा लागत नाही, पण वर्षअखेरीपासून १८० दिवसांत हिशोब द्यावा लागतो.

घरातल्याच दोघांची सभा म्हणून ती न घेता फक्त इतिवृत्त लिहून ठेवायची पद्धत आहे. तसं करू नये. दोघांनी बसून ताळेबंद वाचायला अर्धा तास पुरतो आणि तेवढ्यात पुष्कळ चुका सापडतात. शिवाय फॉर्म भरायची मुदत वाढली म्हणजे सभेचीही वाढली, असं धरून चालू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने विलंबशुल्काविना फॉर्म भरायला वाढीव वेळ दिला, तेव्हा सभेच्या तारखेला ही मुदतवाढ नाही असं त्याच परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं.

जीएसटीची आणि प्राप्तिकराची विवरणं भरली म्हणजे हे काम झालं, असंही नाही. ती दुसऱ्या खात्यांची कामं आहेत. प्राप्तिकरात कंपनीला किमान उत्पन्नाची सूट नाही आणि दुकानदाराला मिळते तशी उलाढालीच्या सहा-आठ टक्के नफा धरून मोकळं होण्याची सोयही नाही. विदर्भातल्या कंपन्यांचं दफ्तर वर्षानुवर्षे मुंबईच्या निबंधकांकडे होतं, म्हणून ‘मुंबईला खेटे घालावे लागतात’ ही भीती टिकून आहे. पण सगळे फॉर्म डिजिटल सहीने संगणकावरूनच जातात.

*कंपनीचा पैसा कुणाचा?*

जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी उभी केली आणि १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. भागधारकांचे पैसे गुंतलेल्या त्या कंपनीची तिजोरी टाटांच्या घरच्या तिजोरीपासून वेगळी असणं कुणालाही पटेल. मनीषनगरच्या दोघांच्या कंपनीलाही तोच नियम आहे, कारण तिलाही तेच संरक्षण मिळतं: कंपनी बुडाली तर सहसा घर जात नाही. या संरक्षणाच्या बदल्यात कायदा हिशोब उघड ठेवायला सांगतो. शंभर रुपये भरून कुणीही तुमचा ताळेबंद पाहू शकतो. बँक पाहते, माल उधार देणारा पाहतो.

म्हणून कंपनीच्या खात्यातून मुलाची शाळेची फी भरली, तर ती ‘आपलीच रक्कम’ राहत नाही. ती पगार, लाभांश, खर्चाची भरपाई किंवा कर्ज यांपैकी काहीतरी असावी लागते. मोठ्या भागधारकाने कंपनीकडून कर्ज घेतलं तर संचित नफ्याइतक्या रकमेवर लाभांशासारखा कर लागू शकतो. उलट बाजूने, संचालकाने कंपनीत घातलेले पैसे कर्जाऊ घेतलेले नाहीत असं लेखी द्यावं लागतं.

*बंद करायची असेल तर*

फॉर्म भरणं सोडून दिल्याने कंपनी रीतसर बंद होत नाही. निबंधकांनी स्वतःहून नाव खोडलं तरी तोवरचा भुर्दंड संचालकांच्या माथी राहतो. नाव काढायला एसटीके-२ हा अर्ज आहे, शुल्क १०,००० रुपये. पण धंदा ज्या वर्षी थांबला त्या वर्षापर्यंतचे राहिलेले हिशोब आधी भरावे लागतात. पुढे वापरायची म्हणून ठेवायची असेल, तर विशेष ठराव करून एमएससी-१ भरून ‘सुप्त कंपनी’चा दर्जा घेता येतो. सुप्त कंपनीलाही वर्ष संपल्यावर ३० दिवसांत ऑडिट केलेल्या आर्थिक स्थितीसह एमएससी-३ द्यावा लागतो.