पाइपाला घाम फुटला, तर शीतगृह तोट्यात!

शेतकरी बंधूंनो, वाशीच्या बाजार समितीत माल पाठवता पाठवता गटाने नवी मुंबईतच शीतगृह किंवा आमरसाचे केंद्र काढायचे मनात असेल, तर थंड पाइपांवरच्या आवरणाकडे आधी बघा.

इथली हवा खाडीची, दमट. पावसाळ्यात तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली, की २७ अंशांपेक्षा थंड अशा प्रत्येक उघड्या पाइपावर दव धरते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते ना, तसेच! ते मालावर ठिबकले, की बुरशी आलीच.

ग्लासवूल स्वस्त पडते. पण सांध्यातून दमट हवा आत शिरली, की ते भिजते. मग गारवा टिकत नाही, वीजबिल वाढते, आतल्या आत पाइप गंजतो. म्हणून थंड पाइपाला नायट्रिल रबर किंवा पीयूएफ घ्या. बाहेरून बाष्प अडवणारा थर हवाच. सांधे आणि व्हॉल्व्हसुद्धा नीट बंद करून घ्या. वाफेच्या गरम पाइपाला मात्र रॉकवूल आणि वरून पत्रा चालतो.

आवरणाची जाडी पावसाळ्यातली हवा धरूनच ठरवा. तसे कोटेशनमध्ये लिहून घ्या आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता एक पावसाळा पाहूनच द्या.