जुना पाइप कापण्याआधी

वाशीतल्या सिडकोच्या जुन्या घरांत न्हाणीघर फोडले की भिंतीआड सांडपाण्याचा पाइप दिसतो. सिडको 1970 साली स्थापन झाली. तेव्हाच्या बांधकामांत पीव्हीसी क्वचितच वापरत. उभे पाइप बहुधा बिडाचे किंवा अॅस्बेस्टॉस सिमेंटचे असत आणि जमिनीखाली चेंबरपर्यंत तपकिरी, चकचकीत स्टोनवेअर. आजवर रंगाचे इतके थर चढलेले असतात की नुसत्या नजरेने पाइप ओळखता येत नाही.

चुंबक लावून पाहावे. बिडाला ते चिकटते आणि हातोडीने हलके ठोकल्यास पाइप घणघणतो. अॅस्बेस्टॉस सिमेंटला चुंबक धरत नाही, आवाज बद्द येतो आणि फुटलेल्या कडेला राखाडी तंतू दिसतात. शंका उरली, तर पाइप अॅस्बेस्टॉसचाच धरून चालावे. त्याचे तंतू फुप्फुसात गेल्यास कॅन्सर होऊ शकतो आणि तो अनेक वर्षांनी उघडकीस येतो. अशा पाइपला ग्राइंडर लावणे हा कामगाराच्या जिवाशी खेळ आहे. पाइप ओला ठेवून शक्यतो सांध्यावर अखंड सोडवावा, कापावाच लागला तर हाताच्या आरीने, धूळ रोखणारा मास्क लावून. तुकडे ओलेच जाड प्लॅस्टिकमध्ये बांधावेत. ते डेब्रिजच्या गोणीत जाता कामा नयेत. घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र तळोजा औद्योगिक वसाहतीत आहे.

बिडाची अडचण वजनाची. 100 मिलिमीटर व्यासाचा सहा फुटी पाइप 20 किलोच्या पुढे जातो. म्हणून कापण्याआधी वरचा भाग क्लॅम्पने भिंतीला आवळावा, नाहीतर वरच्या मजल्यांचे सांधे सुटतात. चेन कटरची साखळी आवळली की बीड गोलाकार तडकते. मात्र गंजून पातळ झालेला पाइप दबून वेडावाकडा फुटतो, तिथे ग्राइंडर बरा. जुन्या सांध्यात सुतळी ठासून वर वितळलेले शिसे ओतलेले असते. ते छिन्नीने काढावे. बंद डक्टमध्ये ब्लो टॉर्चने वितळवल्यास विषारी धूर कोंडतो.

उभा पाइप साऱ्या मजल्यांचा असल्याने काम संपेपर्यंत वरच्या घरांनी पाणी सोडू नये, हे सोसायटीमार्फत आदल्या दिवशीच कळवावे लागते. नवा पीव्हीसी तुकडा रबरी कपलिंगने जोडल्यावर वरून दोन-तीन बादल्या पाणी ओतून सांधे कोरडे राहतात का ते पाहतात. मगच भिंत बंद करतात.