खचलेल्या शेतकऱ्याच्या मनातला धोका कसा ओळखावा?

गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रति सापळा ८ पतंग आले की उपाय करा, असे आम्ही सांगतो. खचलेल्या माणसासाठी असा आकडा नाही. त्याच्याशी बोलूनच अंदाज घ्यावा लागतो, आणि हे काम बहुधा डॉक्टरच्या आधी भाऊ, शेजारी किंवा कृषी सहायकाच्या वाट्याला येते.

कर्ज आणि नापिकी सगळ्यांना दिसते, पण कर्जबाजारी असलेला प्रत्येक जण धोक्यात नसतो. वागण्यातला बदल पाहा. ऐन हंगामात शेतावर जाणे बंद, झोप नाही, दारू वाढली, पारावर येणे थांबले, "माझा घरच्यांना भारच आहे" अशी भाषा. बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत झाला, कागदपत्रे दुसऱ्याच्या हवाली करू लागला, तर निर्धास्त होऊ नका.

मग एकांतात थेट विचारा, "भाऊ, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती मलाही होती. ती चुकीची आहे; अनेकांना बोलून मोकळे वाटते. (आम्हाला पदवीला माती परीक्षण शिकवले, हा प्रश्न विचारायला नाही.) उत्तर 'हो' आले तर उपदेश न करता पुढे विचारा: किती वेळा येतो? कसे, कधी करायचे ते ठरवले आहे का? ते साधन हाताशी आहे का? पूर्वी प्रयत्न केला होता का? मार्ग ठरलेला असेल, साधन जवळ असेल किंवा आधी प्रयत्न झाला असेल, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. "कुणाला सांगू नका" म्हणाला तरी तसा शब्द देऊ नका.

"कधी कधी वाटतं, ठरवलेलं काही नाही" हे उत्तरही सोडून देऊ नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. पहिला फोन त्याच्या शेजारी बसून तुम्हीच लावा.

आता माझ्या विषयाचे. टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्यात कीटकनाशक हाताला लागले नाही तर जीव वाचतो. म्हणून फवारणीपुरतेच औषध आणा, उरलेले घरात न ठेवता कुलूपबंद पेटीत ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. कुणी औषध प्यायलेच, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा लेबल असलेला डबा रुग्णालयात सोबत न्या.